वजन कुणाच्या मानेवर? : चाकांवरच्या घराचा हिशेब

अमेरिकेत कुणाच्या अंगणात ट्रेलर उभा दिसला, की भारतातून आलेले पाहुणे आधी त्याचं दार उघडतात. आतला पलंग, शेगडी, फ्रिज आणि न्हाणीघर पाहून हरखून जातात. माझे मामा आत गेलेच नाहीत. ट्रेलरभोवती एक फेरी मारून ते पुढच्या बाजूला आले. सांगाड्याचे दोन लोखंडी दांडे जिथे एकत्र येऊन टोक होतं, तिथे त्यांनी वाकून हात ठेवला आणि विचारलं, “पोरी, हितलं वजन कुणाच्या मानंवर येतं?”

मामा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. गावात ट्रॅक्टर येईपर्यंत त्यांनी बैलगाडी हाकली. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही दोघं मिशिगन राज्यातल्या लडिंग्टन स्टेट पार्ककडे निघालो. डेट्रॉइटच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या उपनगरापासून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर आहे. मामींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या घरीच थांबल्या. वाटेत मामांनी आणखी तीन प्रश्न विचारले. पाणी कुठून येतं? घाण कुठं जाते? आणि चूल कशावर चालते? ट्रेलर पाहिलेल्या प्रत्येकाच्या मनात हेच प्रश्न असतात. त्यामुळे हे प्रकरण मामांच्याच क्रमाने जाईल.

१. जू कुठे आहे?

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं घर. ते दुसऱ्या गाडीने ओढायचं असतं. मुक्कामी पोचल्यावर घर तिथे सोडून गाडी मोकळी करता येते, ही त्याची मोठी सोय. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेल्या मोटरहोममध्ये तसं करता येत नाही.

ट्रेलर आणि गाडी यांचा सांधा आपल्या खुब्यासारखा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो, म्हणून पाय सगळ्या बाजूंना फिरतो. इथे गाडीच्या मागे पोलादी गोळा असतो. ट्रेलरच्या टोकाची खोबण त्यावर टोपीसारखी बसते आणि खालून खटका लागतो. त्यामुळे ट्रेलर वळणावर डावी-उजवीकडे फिरतो आणि चढ-उतारावर वर-खाली झुकतो, पण सुटत नाही. गोळे वेगवेगळ्या मापांचे असतात आणि खोबण त्याच मापाची लागते. मोठी खोबण लहान गोळ्यावर नीट बसल्यासारखी वाटते, पण पहिल्या खड्ड्यात उसळून बाहेर येते.

खटका लागला एवढ्यावर विसंबायचं नाही. ट्रेलरच्या टोकाला उभा जॅक असतो. खटका लावल्यावर त्याच जॅकने टोक थोडं वर उचलायचं. ट्रेलरबरोबर गाडीचा मागचा भागही उचलला गेला, तर सांधा खरोखर बसला. नुसता ट्रेलरच वर आला, तर खोबण गोळ्यावर बसलेलीच नाही. या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं.

मामांनी जॅक फिरवताना पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे हा गोळा जू, आन् तुजी गाडी बैल.” या प्रकरणातला निम्मा विषय या एका वाक्यात आला.

२. उलाळ गाडी

बैलगाडीत पोती भरताना जाणता माणूस ओझं आखाच्या किंचित पुढे ठेवतो. ओझं मागे गेलं तर गाडी उलाळ होते. दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि जुपणी त्यांच्या गळ्याला काचते. ओझं फार पुढे गेलं तर सगळा भार मानेवर येतो आणि बैल चार पावलांत दमतात. या दोन्हींच्या मधली जागा हाताला कळावी लागते.

ट्रेलरचंही तसंच आहे. त्याची चाकं साधारण मध्यावर असतात. चाकांच्या पुढे थोडं जास्त वजन ठेवलं, की टोक गोळ्यावर दाबून बसतं. या दाबाला टंग वेट म्हणतात. आपण त्याला जुवावरचं वजन म्हणू. सर्वसाधारण नियम असा, की ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. २,३०० किलोच्या भरलेल्या ट्रेलरसाठी ते २३० ते ३४५ किलो होतं.

ते कमी झालं तर काय होतं, हे मी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या चुकीतून शिकले. मागच्या बंपरवरच्या मांडणीला दोन सायकली बांधल्या होत्या आणि जड सामानही मागच्या कपाटात भरलं होतं. महामार्गावर एक मोठा ट्रक शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचं शेपूट हललं, परत आलं, आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा जास्त हललं. आरशात माझं घर मला डाव्या-उजव्या बाजूला झुलताना दिसत होतं. मी वाचले, पण ती पंधरा सेकंदं अजून आठवतात.

असं का होतं, हे बाणाकडे पाहून कळतं. बाणाचं टोक जड असतं आणि शेपटीला पिसं असतात. वाटेत तो जरा तिरका झाला, तरी वारा पिसांना धरून त्याला पुन्हा सरळ करतो. तोच बाण उलटा फेकला, म्हणजे जड भाग मागे ठेवला, तर तो गर्रकन फिरतो. ट्रेलरची चाकं ही त्याची पिसं. वजन चाकांच्या पुढे असेल तर रस्त्यावरची टायरची पकड डुलणाऱ्या ट्रेलरला सरळ करते. वजन चाकांच्या मागे असेल तर तीच हालचाल झोक्यासारखी वाढत जाते, आणि वेग जितका जास्त तितका झोका मोठा. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मागची ट्रॉली डुलते तरी निभावतं, कारण ट्रॅक्टरचा वेग कमी असतो.

डुलणं सुरू झालंच, तर घाबरून जोरात ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा. त्याने ट्रेलर मागे ओढला जातो आणि ताणलेल्या दोरीसारखा सरळ होतो. खरा उपाय मात्र घर सोडण्यापूर्वी, सामान भरतानाच करायचा असतो.

३. वजनकाट्यावर

जुवावरचं वजन मोजायचं कसं? अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक थांब्यांवर वजनकाटा असतो आणि थोडे पैसे भरून कुणालाही तिथे गाडी चढवता येते. मामांना तो साखर कारखान्याच्या काट्यासारखाच वाटला. गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल असं आहे.

एकट्या पिकअप गाडीचं, आम्हा दोघांसह, वजन २,६४० किलो भरलं. मग ट्रेलर जोडून परत काट्यावर आलो. आता पिकअपच्या चाकांवर २,९३० किलो होते आणि ट्रेलरच्या चाकांवर २,०१०. पिकअपवर वाढलेले २९० किलो हेच जुवावरचं वजन. ट्रेलरचं एकूण वजन २,०१० अधिक २९०, म्हणजे २,३०० किलो. २९० हे २,३०० च्या साडेबारा टक्क्यांहून किंचित जास्त. मामांनी कागद हातात घेऊन मान डोलावली. “बैल खूश,” ते म्हणाले.

बैलाची ताकदही तपासायला हवी. बहुतेक लोक गाडी किती ओढू शकते एवढंच विचारतात. ती पाठीवर किती पेलू शकते हा प्रश्न निराळा आहे आणि मर्यादा आधी तिथेच संपते. हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. आमच्या पिकअपसाठी तो ६८० किलो आहे. त्यातून जुवावरचे २९० गेले, गोळ्याच्या जोडणीचे ४०, आम्हा दोघांचे १४० आणि मागच्या हौद्यातल्या खुर्च्या, बर्फाची पेटी, हत्यारं यांचे ८०. एकूण ५५०. उरले १३०. घरातली आणखी दोन माणसं बरोबर आली असती, तर ही सहल कागदावरच काठावर आली असती.

थांबण्याचा प्रश्न राहिला. सव्वादोन टनांचं घर मागून ढकलत असताना एकट्या गाडीचे ब्रेक पुरत नाहीत. म्हणून ट्रेलरच्या चाकांत विजेचे ब्रेक असतात. ड्रायव्हरने पेडल दाबलं की तारेतून वीज जाते, ब्रेकच्या ड्रममधला लोहचुंबक जागा होतो, फिरत्या ड्रमला चिकटतो आणि त्या ओढीनेच ब्रेक आवळले जातात. यदाकदाचित सांधा सुटलाच, तर दोन आधार आहेत. एक म्हणजे टोकाखाली फुलीसारख्या ओवलेल्या दोन साखळ्या. टोक खाली पडलं तर ते रस्त्यात न घुसता या झोळीत पडतं. दुसरा आधार म्हणजे गाडीला बांधलेली एक बारीक तार. ट्रेलर वेगळा होताच ती खुंटी उपसते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी त्याचे ब्रेक लावते.

४. हे घर चाकांवर कुणी ठेवलं?

वाटेत मामांनी विचारलं, “ही कल्पना कुणाची?”

हौसेने घर घेऊन हिंडण्याचा एक जुना पुरावा इंग्लंडमधला आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात एक देखणं लाकडी घर बांधून घेतलं आणि दोन घोडे जुंपून त्यातून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. त्या गाडीचं नाव ‘द वाँडरर’, म्हणजे भटक्या. अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्यावर १९१९ मध्ये फ्लॉरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही हौशी प्रवाशांची संघटना सुरू झाली. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने विमानाच्या धाटणीचा, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेला ‘क्लिपर’ बाजारात आणला. ते चकचकीत गोल घर पुढे अमेरिकन रस्त्याची खूण बनलं. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तीन अंतराळवीरांना काही दिवस माणसांपासून वेगळं ठेवायचं होतं. त्यासाठी नासाने एअरस्ट्रीमचाच ट्रेलर हवाबंद करून वापरला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काचेबाहेर उभं राहून त्यांचं स्वागत केलं. आज अमेरिकेतल्या अशा घरांपैकी बहुसंख्य इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण बिऱ्हाड गाडीवर घालून निघणं मराठी मुलखाला नवं नाही. ऊसतोड कामगार दर हंगामात भांडी, अंथरुणं आणि लेकरं गाडीत घालून निघतात. घिसाडी कुटुंबं भाता आणि ऐरण घेऊन गावोगाव फिरत आली. त्यांचा प्रवास पोटासाठी असतो. मामा मला हे सांगत होते तेव्हा आमच्या मागे मऊ गादीचं घर चाललं होतं, आणि या फरकाची जाणीव आम्हा दोघांनाही होती.

५. उलटं जाणं आणि समतल होणं

नवख्या माणसाला ट्रेलर पुढे नेण्याची भीती वाटत नाही, मागे घेण्याची वाटते. कारण मागे जाताना दिशा उलट होते. गाडीचं मागचं टोक डावीकडे गेलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं.

यावर एक सोपी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या सर्वांत खालच्या भागावर ठेवायचा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं, त्याच बाजूला हात न्यायचा. डोक्यातलं उलटसुलट संपतं. हालचाल थोडी आणि वेग चालण्याएवढा ठेवायचा. कोन फार वाढला तर हट्ट न करता पुढे जाऊन सरळ व्हायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. मागे उभ्या असलेल्या माणसाशी खुणा आधी ठरवायच्या, आणि तो आरशात दिसेनासा झाला की तत्काळ थांबायचं. मामांनी मला आधीच सांगितलं, “मी हात वर केला की थांब. तोंडानं काय बोललो त्याकडं बगू नको.” दोन झाडांमधल्या जागेत ट्रेलर तिसऱ्या प्रयत्नात बसला.

नंतर समतल करणं. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी डावी-उजवी बाजू सारखी करायची. जी बाजू खाली असेल तिच्या चाकांखाली फळ्या घालून त्यावर ट्रेलर चढवायचा. हे गाडी जोडलेली असतानाच जमतं. मग चाकांना पुढून-मागून पाचरी लावायच्या. त्यानंतरच गाडी सोडायची आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी जमवायची. पाचरी लावण्याआधी गाडी सोडली, तर घर उतारावरून एकटंच निघून जाऊ शकतं. शेवटी चार कोपऱ्यांतले टेकू खाली करायचे. ते घर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हेत.

मामांनी माझ्या हातातून गवंड्याची पाणसळ घेतली, आतल्या फरशीवर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत मला जॅक फिरवायला लावला. एवढी काटेकोर पातळी कशाला, हे आठव्या भागात कळेल.

६. एकशे तेरा लिटर

आता मामांचा दुसरा प्रश्न. आमच्या जागेवर विजेचा खांब होता, पण पाण्याचा नळ नव्हता. पार्कच्या सामायिक नळावरून टाकी भरून घ्यायची होती. ट्रेलरच्या टाकीत ३० गॅलन, म्हणजे ११३ लिटर पाणी मावतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. त्यामुळे टाकी भरणं म्हणजे घरात दीड माणूस बसवणं. टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, यावर जुवावरचं वजनही बदलतं. म्हणून शक्य तिथे रिकाम्या टाकीने प्रवास करावा आणि मुक्कामाजवळ ती भरावी.

दोन माणसांना दोन दिवस ११३ लिटर पुरतील का? हिशेब करून पाहू. दिवसाला पिणं आणि स्वयंपाक ८ लिटर, भांडी १० लिटर, हात-तोंड धुणं ८ लिटर, संडास ८ लिटर. हे झाले ३४. अंघोळीसाठी शॉवर वापरला तर मिनिटाला सुमारे सहा लिटर जातात. पाच मिनिटांचे ३० लिटर, दोघांचे ६०. दिवसाचे एकूण ९४. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकी कोरडी. त्याऐवजी बादली-तांब्याने दहा-दहा लिटरमध्ये अंघोळ केली तर दिवसाचे ५४ आणि दोन दिवसांचे १०८ लिटर. पाच लिटर उरतात.

हा दुसरा हिशेब माझा नाही. मी कागदावर आकडे मांडत होते आणि मामांनी ते पाहून “अंगुळीला धा लिटर लै झालं” असं म्हणून दुरुस्त केला. टँकरची वाट पाहत ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना टाकीचा काटा वाचायला शिकवावं लागत नाही. त्यांनी भाज्या धुतलेलं पाणी ताटं विसळायला वापरलं. पंप चालू झाल्याचा घरघर आवाज आला, की ते आत वळून पाहत.

तिसरा प्रश्न, घाण कुठे जाते? ट्रेलरच्या पोटात आणखी दोन टाक्या असतात. मोरी आणि न्हाणीचं सांडपाणी एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या टाकीत. इथे लोकांची एक चूक होते. चांगलं पाणी किती उरलं एवढंच ते पाहतात. पण वापरलेला प्रत्येक लिटर नाहीसा होत नाही. तो एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातो, आणि सांडपाण्याची टाकी भरली की पाणी न्हाणीच्या जाळीतून वर येऊ लागतं. संडासाच्या टाकीची झडप मुक्कामात बंदच ठेवायची आणि आत पुरेसं पाणी असू द्यायचं. नाहीतर पातळ भाग वाहून जातो आणि घट्ट भाग तळाला साचतो.

निघताना पार्कच्या ठरलेल्या जागी नळी जोडून टाक्या रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते.

७. चहा, एसी आणि तीस अँपिअर

शनिवारी दुपारी उकडत होतं. आमचा एसी चालू होता. मामांनी चहासाठी विजेची किटली लावली आणि त्याच वेळी मी मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करायला ठेवली. खट्ट आवाज आला आणि सगळं बंद पडलं.

विजेचं मोजमाप पाण्यासारखंच समजून घेता येतं. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब. अँपिअर म्हणजे नळीतून वाहणारी धार. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, प्रत्यक्ष होणारं काम. आमच्या खांबावर १२० व्होल्ट आणि ३० अँपिअर मिळतात. १२० गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॅट. आमचा एसी १,४०० वॅटचा, किटली १,५०० वॅटची आणि मायक्रोवेव्ह १,३०० वॅटचा. बेरीज ४,२००. मर्यादा ओलांडली म्हणून तारा तापण्याआधीच सुरक्षेच्या खटक्याने वीज तोडली. त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

मामा म्हणाले, “आमच्याकडं किटलीनं असं कदी हुत न्हाई.” त्याचंही कारण आहे. भारतात दाब २३० व्होल्ट असतो. १,५०० वॅटच्या किटलीला तिथे साडेसहा अँपिअर पुरतात. इथे दाब जवळपास निम्मा, म्हणून त्याच किटलीला साडेबारा अँपिअर लागतात. नियम ठरला. किटली चालू असताना मायक्रोवेव्ह बंद.

खांबच नसलेल्या रानात मुक्काम असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर भागवावं लागतं. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास साठतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उपसली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ६०० वॅट-तास. तीन वॅटचे सहा दिवे चार तास लावले तर ७२ जातात. पाण्याचा पंप अर्धा तास चालला तर ३०. पण थंडीच्या रात्री गॅसच्या हीटरचा पंखा आठ तासांत साडेतीनशेच्या आसपास खातो. ऊब गॅसची असते, ती खोलीभर पोचवणारा वारा मात्र बॅटरीचा. पहाटे कुडकुडत उठलेल्या अनेकांना हे उशिरा कळतं.

८. जाळ लावून थंडावा

चौथा प्रश्न चुलीचा. ट्रेलरच्या पुढच्या टोकावर गॅसचे दोन सिलिंडर असतात, प्रत्येकी सुमारे नऊ किलोचे. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं, इथे प्रोपेन. ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या जरा खालीच व्हायची थांबते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. मिशिगनच्या हिवाळ्यात शेगडी पेटायची असेल तर प्रोपेनच हवा. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असतात आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतात, म्हणून गळतीची सूचना देणारं यंत्र फरशीजवळ बसवलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र वेगळं. त्या वायूला वास नसतो, म्हणून ते चालतं की नाही हे दर सहलीआधी बटण दाबून पाहायचं.

मामांना सर्वांत जास्त नवल वाटलं ते फ्रिजचं. तो गॅसवर चालत होता. मागच्या जाळीतून बारीक निळी ज्योत दिसत होती, आणि आत दही थंड होतं.

हे समजायला घरचा माठ आठवावा. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. या फ्रिजमध्ये झिरपणाऱ्या पाण्याचं काम अमोनिया करतो. हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची झपाट्याने वाफ होते आणि ती आतली उष्णता शोषते. ही वाफ मग पाणी पिऊन टाकतं. पाण्यातून अमोनिया पुन्हा मोकळा करायला उष्णता हवी, आणि त्यासाठीच ती ज्योत. माठातलं पाणी उडून जातं, इथलं फिरून फिरून तेच वापरलं जातं. स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली. तिच्यात पंप नाही, मोटर नाही. द्रव केवळ उतारावरून खाली येतो. म्हणून ट्रेलर कलंडलेला असेल तर द्रव नळीत अडकतो आणि फ्रिज बिघडतो. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा तो यासाठी.

“म्हंजे माठच,” मामा म्हणाले, “फकस्त खालून जाळ लावलेला.”

९. तळ्याकाठी

संध्याकाळी आम्ही मिशिगन सरोवराच्या काठावर गेलो. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाचवा हिस्सा. पलीकडचा किनारा दिसत नाही. वाळू, लाटा आणि पाण्यात बुडणारा सूर्य पाहून मामांना गणपतीपुळे आठवलं. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ते गोडं होतं.

रात्री शेकोटी केली. लाकडं आम्ही घरून आणली नव्हती, उद्यानाजवळच विकत घेतली. मिशिगनमध्ये याला मोठं कारण आहे. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात आशियातून आलेला पाचूच्या रंगाचा एक भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या ॲश जातीच्या झाडांची साल आतून पोखरतात. त्याने आजवर कोट्यवधी झाडं मारली आहेत, आणि सहलीला नेलेल्या सरपणातून तो गावोगाव पोचला. म्हणून लाकूड जिथलं तिथेच जाळायचं. मामांनी शेकोटीतलं एक लाकूड उचलून त्याची साल निरखून पाहिली आणि मगच आत ठेवलं.

रविवारी सकाळी टाकीच्या पट्टीवर शेवटचा दिवा लुकलुकत होता. आम्ही दोघांनी दोन दिवस या पाण्यात काढले होते, आणि कुणीही तहानेलं किंवा पारोसं राहिलं नव्हतं. घरी माझ्या एकटीच्या शॉवरखाली रोज किती जातं, हे मी पहिल्यांदाच मनात मोजलं. भिंतीतल्या नळाला टाकी दिसत नाही, खांबावरच्या तारेला मर्यादा दिसत नाही, आणि मोरीतून गेलेलं पाणी कुठे साठतं हेही दिसत नाही. चाकांवरच्या या घरात या तिन्ही गोष्टी काट्यावर समोर दिसतात. मामांच्या घरात त्या नेहमीच दिसत होत्या.

मी नळ्या गुंडाळत होते. मागे वळून पाहिलं तर मामा सामानाची जड पेटी ट्रेलरच्या मागच्या दारातून काढून पुढच्या कपाटात ठेवत होते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पेटी बसल्यावर त्यांनी टोकाच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

“जोड आता,” ते म्हणाले. “उलाळ हुनार न्हाई.”